प्लस नंबर मोठा असेल तर लेझर करावी का?

चष्म्याचा नंबर लेझरने जातो, हे आता घरोघरी माहीत आहे. ऑफिसातल्या कुणाचा तरी मायनस ५ गेलेला असतो, एखाद्या चुलतबहिणीने लग्न ठरायच्या आधी लेझर उरकून घेतलेली असते. ते पाहून प्लस ६ किंवा ७ चा चष्मा लावणारा माणूसही हॉस्पिटलात जातो, चार यंत्रांसमोर हनुवटी टेकवून बसतो, अर्धा दिवस घालवतो आणि शेवटी ऐकतो, "तुमच्या डोळ्यांना लेझर नको." मशीन तेच, डॉक्टर तेच. मग मायनसवाल्याला हो आणि आपल्याला नाही, असं का?

आधी थेट उत्तर देऊन टाकतो. नंबर प्लस ३ पर्यंत असेल, कॉर्निया (डोळ्याचं पुढचं पारदर्शक आवरण) निरोगी असेल आणि नंबर स्थिर असेल, तर लेझरचे निकाल चांगले येतात. ३ ते ४-४.५ या पट्ट्यात प्रत्येक डोळा मोजूनमापून ठरवावं लागतं. ५ च्या पुढे, म्हणजे नेत्रतज्ज्ञ ज्याला तीव्र म्हणतात त्या नंबरात, बहुतेक अनुभवी सर्जन लेझरला हात लावत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही लेझर यंत्रांना प्लस ६ पर्यंत परवानगी दिलेली आहे आणि जाहिरातीत तो आकडा दिसतोही. पण परवानगी मिळालेल्या शेवटच्या आकड्यापर्यंत जाऊन शस्त्रक्रिया करून घेण्यात पेशंटचं भलं असतंच असं नाही. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत, कारण ती एकदा कळली की "दुसरीकडे करून देतात म्हणे" या बोलण्याला माणूस भुलत नाही.

इथे एक घोळ आधी निस्तरायला हवा. चाळिशी लागली की वाचायला जो प्लस १ किंवा २ चा चष्मा लागतो, त्याबद्दल हा लेख नाही. ती वयाने आलेली गोष्ट आहे. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं फोकस करता येईनासं होतं. ती सगळ्यांनाच येते, मायनसवाल्यांनाही. आपण बोलतोय ते जन्मापासूनच्या प्लस नंबराबद्दल, ज्यात लांबचंही अंधूक असतं आणि जवळचं त्याहून अंधूक. लेझरच्या चौकशीला आलेल्या लोकांत हे दोन्ही प्लस सर्रास एकमेकांत मिसळलेले असतात.

डोळा आखूड असतो म्हणजे काय

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. बाहेरून आलेला प्रकाश वाकवून मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, नेमका आणायचं काम दोघं करतात: सगळ्यात पुढचं पारदर्शक आवरण, म्हणजे कॉर्निया, आणि बाहुलीच्या मागचं भिंग. दोघांची मिळून ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक). त्यातले ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे.

आता डोळा एक मिलिमीटरने आखूड असेल, तर हिशेबाने सुमारे प्लस ३ चा नंबर येतो. प्लस ६ चा डोळा म्हणजे इतरांपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर आखूड डोळा. प्रकाश ज्या ठिकाणी एकत्र यायचा, त्याच्या आधीच पडदा येऊन ठेपतो. कॉर्नियाचा आकार यात बहुतेक वेळा ठीकठाक असतो. गफलत लांबीत आहे, आणि लेझर लांबी वाढवू शकत नाही. कॉर्निया निरोगी असताना त्याचाच आकार बदलून मागची कसर भरून काढायची, असा हा मामला आहे.

बहुतेक बाळं थोड्या प्लस नंबरासह, साधारण २ च्या आसपास, जन्माला येतात. डोळा वाढत जातो तसा पहिल्या काही वर्षांत तो नंबर बराचसा विरून जातो. ज्यांचा डोळा पुरेसा वाढत नाही, त्यांचा नंबर राहतो. म्हणून "मोठी झाली की जाईल आपोआप" हे आजीचं म्हणणं प्लस २ साठी बरोबर ठरू शकतं, प्लस ६ साठी सहसा नाही.

लपलेला नंबर

प्लस नंबराची खरी गंमत, किंवा डोकेदुखी म्हणा, इथे आहे. तरुण डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. आतला स्नायू आवळला की भिंग फुगतं आणि डोळ्याची ताकद वाढते. दहा वर्षांच्या मुलाला अशी १२ डायॉप्टरपर्यंत जादा ताकद काढता येते. चाळिशीत ती ५ च्या आसपास येते आणि पन्नाशीत २ च्या घरात. त्यामुळे प्लस ४ नंबर असलेला वीस वर्षांचा मुलगा चष्म्याशिवाय फळ्यावरचं झकास वाचतो. आपल्याला काही नंबर नाही, असंच त्याला वाटतं. संध्याकाळी डोकं दुखतं, अभ्यास नकोसा होतो, पण ते आळसाच्या खात्यात जमा होतं. तिशी-पस्तिशीत स्नायूची ताकद ओसरू लागली की "नंबर अचानक लागला" असं तो सांगतो. लागलेला नसतो, उघडा पडलेला असतो.

तीव्र नंबर असलेल्यांच्या बाबतीतही चष्म्यात दिसणारा आकडा पूर्ण असेलच असं नाही. चष्म्यात ४.५ आणि डोळ्यात ६, असं आढळतं. हा दडलेला भाग बाहेर काढायला डोळ्यांत औषध घालून तपासणी करावी लागते. ती कशी असते हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको: बाकावर डोळे मिटून बसलेली रांग, दर दहा मिनिटांनी बाटली घेऊन येणारी सिस्टर, "वर बघा" म्हणत खालची पापणी ओढून टाकलेला झोंबरा थेंब, आणि गालावर ओघळणारं औषध टिपायला हातात दिलेला कापसाचा बोळा. सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिन या औषधांनी तो आतला स्नायू काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत ढिला पडतो, फसवाफसवी बंद होते आणि खरा आकडा समोर येतो. प्लस नंबरासाठी लेझरचा विचार करताना ही तपासणी वगळून कुणी तारीख देत असेल, तर तिथून उठून यावं. एवढं स्पष्ट मत मी या लेखात दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल देणार नाही.

बरं, खरा आकडा कळला तरी पेच सुटत नाही. ६ पूर्ण काढला, तर जन्मभर आवळत आलेला स्नायू लगेच सैल होत नाही. सुरुवातीला लांबचं धूसर दिसतं आणि पेशंट घाबरतो. ४.५ च काढला, तर राहिलेला दीड काही वर्षांनी वर येतो. म्हणून चांगले डॉक्टर आधी पूर्ण नंबराचा चष्मा, किंवा त्याहून बरं म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स, काही आठवडे वापरायला लावतात. डोळा त्या नंबराला रुळतो का, हे त्यातून कळतं. फुकटची रंगीत तालीम आहे ही. कंटाळा करू नये.

लेझर कॉर्नियावर काय करतो

लॅसिक या नंबर घालवायच्या शस्त्रक्रियेतल्या एक्सायमर लेझरचा किरण १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, डोळ्याला न दिसणारा अतिनील. तो ऊती जाळत नाही. रेणूंमधले बंध तोडून अतिशय पातळ थर उडवून लावतो आणि शेजारच्या भागाला उष्णतेचा त्रास जवळपास होत नाही. हा गुण सापडला त्याची गोष्ट मजेशीर आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेली टर्की ते दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि तिच्यावर हा किरण सोडून पाहिला. काप स्वच्छ पडला, आजूबाजूला करपलं नाही. सॅम्युअल ब्लम आणि जेम्स विन हे त्यांचे सहकारी. पुढे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत हा किरण कॉर्नियावर कसा वापरता येईल हे शोधलं गेलं, आणि कॉर्नियाची पातळ झडप उचलून खाली लेझर मारायची लॅसिकची पद्धत १९९० च्या सुमारास क्रीटमध्ये इओआनिस पॅलिकारिस यांनी आकाराला आणली.

लेझरबद्दल लक्षात ठेवायची गोष्ट एकच: तो फक्त काढू शकतो, भर घालू शकत नाही. मायनस नंबरात हे सोयीचं पडतं. तिथे कॉर्निया चपटा करायचा असतो, म्हणून मधला भाग थोडा काढला की झालं. प्लस नंबरात कॉर्निया मध्यभागी जास्त फुगीर करायचा असतो. आता बाहेरून माती न आणता शेतात उंचवटा करायचा तर काय कराल? भोवती गोल चर खणाल. मधला भाग आपोआप उंच दिसू लागेल. लेझर नेमकं हेच करतो: मध्याला फारसं न छेडता त्याच्या भोवती कंकणाच्या आकाराचा भाग काढतो. नंबर जितका मोठा, तितका चर खोल. आणि पहिल्या पावसात चराचं जे होतं तेच इथे होतं. कॉर्नियाच्या वरचा नाजूक पेशींचा थर खोलगट जागी जाड वाढतो, फुगीर जागी पातळ होतो, आणि काढलेला चर हळूहळू बुजत जातो. आकार बोथट झाला की नंबर थोडा परत येतो. मायनसमध्येही असं काही प्रमाणात होतं, पण मोठ्या प्लसमध्ये ते जास्त होतं.

मध्यभागी उरलेला चांगला, एकसारखा भाग लहान असतो, ही दुसरी अडचण. चराची बाहेरची कड थेट ९ मिलिमीटरपर्यंत जाते, त्यामुळे झडपही मोठी करावी लागते. रात्री बाहुली मोठी झाली की उताराच्या भागातूनही प्रकाश आत शिरतो. घाटात समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याभोवती कडी दिसणं, अक्षरांना सावली येणं, या तक्रारी इथून येतात. चष्मा नाही, आकडा कागदावर बरा आहे, तरी नजर 'स्वच्छ' वाटत नाही.

तिसरी गोष्ट साध्या बेरजेची. लेझरने एक डायॉप्टर प्लस काढायचा तर कॉर्नियाची ताकद साधारण एक डायॉप्टरने वाढवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर ती ४९-५० च्या पलीकडे गेली की दृष्टीचा दर्जा घसरतो आणि डोळा कोरडा पडण्याच्या तक्रारीही वाढतात. कुणाचा कॉर्निया मुळात ४४ आहे आणि नंबर ३, तर बेरीज ४७. ठीक. कॉर्निया ४४ आणि नंबर ६, तर ५० झाले.

आणि तो ६ सुद्धा खरा ६ नसतो. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो. प्लस भिंग डोळ्याच्या जितकं जवळ न्यावं, तितकी त्याची ताकद जास्त लागते. चष्म्यातला प्लस ६ कॉर्नियावर जवळपास ६.५ होतो, प्लस ८ चे पावणेनऊच्या वर जातात. मायनसमध्ये नेमकं उलट होतं. तिथे चष्म्यातला ६ कॉर्नियावर ५.६ च भरतो. निसर्गाने मायनसवाल्यांना इथेही सूट दिलीय आणि आपल्याकडून वर व्याज घेतलंय, अशी प्लसवाल्याची तक्रार असेल तर ती रास्त आहे.

नेम धरण्याचाही प्रश्न असतो. आपण ज्या रेषेतून पाहतो, ती आखूड डोळ्यांत बाहुलीच्या बरोबर मध्यातून जात नाही, नाकाच्या बाजूला बरीच सरकलेली असते. बाहुलीचं केंद्र धरून लेझर मारला तर उंचवट्याचा माथा एकीकडे आणि नजर दुसरीकडे, असं होतं. अनुभवी सर्जन हे तपासून केंद्र ठरवतात. छोट्या नंबरात थोडी चूक खपून जाते, मोठ्या नंबरात नाही.

शेवटची एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. प्लस भिंग वस्तू मोठ्या करून दाखवतं. समोरच्याला तुमचे डोळे मोठे दिसतात ते त्यामुळेच, आणि तुम्हालाही जग थोडं मोठं दिसत असतं. लेझरनंतर हा मोठेपणा जातो. नंबर पूर्ण गेला तरी तक्त्यावरची चष्म्याने वाचता येणारी शेवटची ओळ कधी कधी आता वाचता येत नाही. ज्यांचा एक डोळा आधीच कमजोर आहे, त्यांना हे जाणवतं.

स्माईल नावाची झडपेविना होणारी शस्त्रक्रिया आज खूप गाजते आहे. ती प्रामुख्याने मायनस आणि सिलिंडर नंबरासाठी आहे. मोठ्या प्लससाठी तिची जाहिरात वाचून धावू नये. २००० सालच्या सुमारास प्लससाठी उष्णतेने कॉर्निया आकसवायचे दोन प्रकार, एक लेझरने आणि एक रेडिओलहरींनी, अमेरिकेत मंजूर झाले होते. परिणाम ओसरत गेला आणि दोन्ही मागे पडले.

"लेझर फेल गेली" म्हणतात तेव्हा

प्लस नंबराची लेझर करून पाच-सात वर्षांनी पुन्हा चष्मा लागला की सगळे एकच वाक्य बोलतात. पण त्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात. पेशींनी चर बुजवला असेल, तो झाला कॉर्नियाचा भाग. आधी न काढलेला दडलेला नंबर आता उघडा पडला असेल, तो झाला तपासणीचा भाग. किंवा पेशंट आता ४३ वर्षांचा असेल आणि साधी चाळिशी लागली असेल, त्यात दोष कुणाचाच नाही. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पुन्हा लेझर मारणं हा पहिल्याच प्रकारात, आणि कॉर्नियात जागा शिल्लक असेल तरच, विचार करण्याजोगा पर्याय आहे. आधीच ४९ वर पोहोचलेल्या कॉर्नियावर दुसरा हात फिरवणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

मग प्लस ६ वाल्याने करायचं काय?

हे वयावर ठरतं, नंबरापेक्षाही जास्त.

विशी-तिशीत असाल तर आयसीएल, म्हणजे स्वतःचं भिंग तसंच ठेवून त्याच्या पुढे, बुबुळाच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या) मागे बसवायची पातळ लेन्स, हा एक मार्ग ऐकायला मिळेल. मोठ्या मायनसमध्ये ती उत्तम चालते. प्लसच्या डोळ्यात मात्र जागेचीच टंचाई असते. कॉर्निया आणि भिंग यांच्यामधली पोकळी साधारण ३ मिलिमीटर खोल हवी, आणि आखूड डोळ्यांत ती बऱ्याचदा त्याहून उथळ भरते. जागा पुरेशी असेल तरी मायनसच्या नव्या लेन्सला जे मध्ये छिद्र असतं ते प्लसच्या लेन्सला नसतं, म्हणून डोळ्यातलं पाणी वाहतं राहावं यासाठी बुबुळाला लेझरने वेगळं बारीक छिद्र पाडावं लागतं. थोडक्यात, मोजमाप जुळलं तर चांगला पर्याय, पण अनेकांचं जुळत नाही.

ज्यांचं जुळत नाही त्यांच्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्स आणि चांगला बनवलेला चष्मा. ऐकायला हे उत्तर मिळमिळीत वाटतं, पण चष्मा कसा बनवला याने फार फरक पडतो. प्लस भिंग मध्ये जाड असतं, त्यामुळे फ्रेम जितकी मोठी तितकं मधलं पोट वाढत जातं. छोटी, डोळा फ्रेमच्या मध्यात येईल अशी फ्रेम घेतली आणि हाय इंडेक्सचं (पातळ बनणारं) आस्फेरिक (कमी फुगीर) भिंग घेतलं, तर तोच प्लस ६ बराच पातळ आणि हलका होतो. मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशननंतर आजोबांच्या नाकावर बसलेला तो प्लस १० चा जाड चष्मा ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या मनात प्लस म्हणजे तेच चित्र असतं. आता तसं राहिलेलं नाही. पण काउंटरवर मोठी चौकोनी फ्रेम आवडली म्हणून तीच घेतली तर दुकानदाराला दोष देऊ नका.

सगळ्यात अडचणीचं वय ३५ ते ४५. दडलेला नंबर उघडा पडत असतो, जवळचंही सुटू लागतं, चष्म्याचा वैताग शिगेला असतो आणि शस्त्रक्रियेचा एकही पर्याय धड जुळत नाही. या वयात काही जण स्वतःचं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायचा आग्रह धरतात. पण तुमच्या भिंगात अजून ३-४ डायॉप्टरची लवचीकता शिल्लक असेल तर ती कायमची जाते. परत मिळवायची सोय नाही. घाई नको, असंच मी म्हणेन.

पन्नाशीच्या आसपास चित्र पालटतं. लवचीकता तशीही संपलेली असते, त्यामुळे भिंग काढण्यात गमावण्यासारखं फारसं उरत नाही. मोतीबिंदूचीच शस्त्रक्रिया मोतीबिंदू पिकण्याआधी केली असं समजा. लांबीची कसर भरून काढणारं, जास्त ताकदीचं भिंग आत बसतं, कॉर्नियाला हात लावावा लागत नाही, नंबर परत येत नाही आणि पुढे मोतीबिंदूही होत नाही. भिंगाच्या मागची पिशवी काही वर्षांनी धुरकट होऊ शकते, तिला लेझरने दहा मिनिटांत साफ करतात. मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं, भिंग निवडलं तर जवळचंही बरंच सुटतं, रात्रीच्या दिव्यांभोवती कडी दिसण्याची किंमत मोजून. भिंग काढल्यावर पडदा सुटण्याचा धोका मोठ्या मायनसवाल्या डोळ्यांत जास्त असतो, आखूड डोळ्यांत कमी. इथे एकदाची प्लसवाल्याची बाजू वरचढ.

अडचण एकच, पण मोठी: भिंगाची ताकद मोजणं. सर्वसाधारण डोळ्यात २०-२२ च्या आसपासचं भिंग बसतं. फार आखूड डोळ्याला ३० च्या पुढचं लागतं, ते अनेकदा खास मागवावं लागतं, आणि इतकं ताकदवान भिंग आत जरासं पुढेमागे बसलं तरी नंबर चुकतो. २२ मिलिमीटरहून आखूड डोळ्यांसाठी डॉक्टर एकापेक्षा जास्त सूत्रांनी हिशेब ताडून पाहतात. २० मिलिमीटरच्या आतला डोळा असेल तर शस्त्रक्रिया स्वतःच जोखमीची होते; पडद्यामागे पाणी साचण्याची भीती असते. असा डोळा मोठ्या हॉस्पिटलात, या प्रकारची सवय असलेल्या सर्जनकडेच न्यावा.

चष्मा जाईल, आखूड डोळा जाणार नाही

लेझरच्या चर्चेत ही गोष्ट हमखास मागे पडते. आखूड डोळ्यात पुढच्या भागात दाटी असते आणि वयाबरोबर भिंग जाड होत गेलं की ती वाढते. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची जागा, बुबुळ आणि कॉर्निया यांच्यातला कोन, अरुंद होत जाते. कधी ती अचानक बंद होते. डोळा लाल, भयंकर दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, मळमळ, उलटी. घरचे पित्त समजून बसतात आणि तासांत नजर जाऊ शकते. बंद कोनाचा काचबिंदू आपल्याकडे आशियात तसाही जास्त आढळतो. लेझरने कॉर्नियाचा आकार बदलून चष्मा घालवलेला असला, तरी हा धोका होता तसाच राहतो. उलट चष्मा गेल्यावर लोक डोळे तपासायला यायचेच थांबतात.

म्हणून प्लस ५ च्या पुढच्या प्रत्येकाने, शस्त्रक्रिया करायची असो वा नसो, चाळिशीनंतर एकदा गोनिओस्कोपी करून हा कोन बघून घ्यावा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी बाहुली पसरते आणि कोन अरुंद असलेल्यांना झटका येऊ शकतो; गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपला नंबर सांगावा. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ईगल नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढच्या, बंद कोनाचा त्रास असलेल्या ४१९ जणांवर तो झाला होता. स्वच्छ भिंगच काढून टाकणं हे बुबुळाला लेझरने छिद्र पाडण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरल्याचं त्यात दिसलं. मोठा प्लस आणि अरुंद कोन एकाच माणसात असतील, तर पन्नाशीनंतरच्या भिंगाच्या शस्त्रक्रियेला आणखी एक सबळ कारण मिळतं.

आळशी डोळा आणि तिरळेपणा

मोठा प्लस लहानपणी चष्म्याविना राहिला तर मेंदू त्या डोळ्याचं अंधूक चित्र स्वीकारायचंच सोडून देतो. दोन्ही डोळ्यांत नंबराचा फरक असेल तर जास्त नंबराचा डोळा मागे पडतो. मोठेपणी लेझर केली, भिंग बदललं, काहीही केलं तरी तो डोळा चष्म्याने जेवढं वाचत होता त्याहून जास्त वाचणार नाही. हे आधी ऐकलेलं नसेल तर शस्त्रक्रियेनंतर निराशा पदरी येते. काही मुलांचा एक डोळा फोकस करायच्या नादात आत, नाकाकडे वळतो आणि पूर्ण नंबराचा चष्मा लावताच सरळ होतो. अशा मुलाच्या नाकावरून "एवढ्याशा पोराला कशाला चष्मा" म्हणत चष्मा उतरवणारा काका किंवा मामा प्रत्येक घरात असतो. त्याला तेवढ्यापुरतं गप्प करावं. वाढत्या वयात लेझर हा पर्यायच नाही.

आता पैशाचं. भारतातल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसींमध्ये एक ठरलेलं कलम असतं, वगळलेल्या खर्चांच्या यादीतलं पंधरावं: ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च मिळत नाही. बहुतेक लेझरवाले इथेच बाद होतात. तुमचा नंबर साडेसात किंवा त्यापुढे असेल तर मात्र हे कलम आडवं येत नाही. बाकीच्या अटी वाचून, शस्त्रक्रियेआधी कंपनीकडून लेखी होकार घ्यावा. त्यासाठी डोळ्यांत औषध घालून काढलेल्या नंबराचा सहीशिक्क्याचा कागद जवळ असलेला बरा.

तो कागद, कॉर्नियाचे मूळ आकडे आणि डोळ्याची लांबी, एवढ्या तिन्हींचा फोटो मोबाइलमध्ये आणि प्रत घरच्या फायलीत ठेवा. लेझर केली तर खास करून. पुढे मोतीबिंदूचं भिंग मोजताना यंत्राला बदललेला कॉर्निया दिसतो आणि हिशेब फसू शकतो; जुने आकडे असतील तर डॉक्टर तो दुरुस्त करून घेतात.

तपासणीला जाताना कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस आधीच बंद कराव्या लागतात, नाहीतर कॉर्नियाचं माप चुकीचं येतं. सॉफ्ट लेन्सला साधारण आठवडा-दोन आठवडे, कडक लेन्सला त्याहून जास्त. हॉस्पिटल सांगेल तितके दिवस पाळा. जुने चष्मे, जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या, नंबर किती वर्षं स्थिर आहे ते त्यावरून कळतं. बाईक घेऊन जाऊ नका. डोळ्यांत औषध घातल्यावर मोबाइलवरची अक्षरंसुद्धा दिसत नाहीत आणि ऊन सहन होत नाही, म्हणून कुणाला तरी बरोबर न्या.